भाटव्यांचा कॅनडा

आमच्या भाटव्यांइतका कॅनडा कळलेला माणूस खुद्द कॅनडातही सापडायचा नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिहोऱ्याजवळच्या एका राइस मिलमध्ये ते मिस्त्री आहेत, आणि नागपूरच्या पलीकडे त्यांचं जाणं एखाददुसऱ्या लग्नापुरतंच झालं असेल. पण कोणत्या प्रांताला सुतार हवेत, कोणाला नर्सा हव्यात, तिकडे जायच्या अर्जात कोणत्या वयाला किती गुण मिळतात आणि बायको पदवीधर असली तर त्यात किती भर पडते, हे सगळं त्यांना मुखपाठ. सकाळी उठून गावातली माणसं आभाळाकडे बघतात. भाटवे मोबाइलवर सस्काचवान प्रांतातल्या एका लहानशा शहराचं हवामान बघतात. त्या शहराचं नाव मला आजवर धड उच्चारता आलेलं नाही. मे महिन्याच्या दुपारी, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून कडुनिंबाखाली बसलेले भाटवे डोळे मिटून मला सांगतात, "तिथं काल सकाळी दोन डिग्री होतं, मास्तर. आता हळूहळू बर्फ वितळून राहिला." हे ते अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याच्या पायांना गार वाटावं. मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून त्यांच्यासाठी मी मास्तर.

हे वेड त्यांना श्रीमंतीच्या हावेनं लागलं असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. वेड लागलं ते एका यादीमुळे. कॅनडा सरकारला कोणकोणत्या कामाची माणसं हवी आहेत याची यादी त्यांनी कुठूनशी मोबाइलवर काढली आणि माझ्यापुढे धरली. त्यात त्यांचं काम होतं. मी मराठीत सांगत गेलो: यंत्रं तपासणे, बिघाड शोधून काढणे, झिजलेले भाग बदलणे, यंत्रं पुन्हा जुळवून चालती करणे. भाटव्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं.

"एवढं सारं मी करतो?"

"करताच की."

"इथं तं नुस्तं मिस्त्री म्हणते," ते म्हणाले आणि बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिले. परक्या देशाच्या कागदावर आपलं रोजचं काम असं सविस्तर मांडलेलं बघून त्यांचं मन तिकडे जे गेलं ते गेलंच. पुढे त्यांनी नकाशा काढला. सस्काचवानच्या उत्तरेला निळे ठिपकेच ठिपके होते. बोटांनी ते मोठे करत, एकेका तलावावरून बोट फिरवत ते म्हणाले, "पाहा, बोड्याच बोड्या आहेत सगळ्या. आपल्यासारखंच आहे तिकडं. फक्त धान नाही." आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात, आणि भाटव्यांच्या मते जिथे बोडी आहे तिथे माणसाचं मन रमायला काही हरकत नसते.

तयारी मात्र त्यांनी हवेत केली नाही. थंडी सोसते का हे बघायला ते तुमसरकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात ओळख काढून गेले आणि लाद्यांच्या खोलीत स्टुलावर वीस मिनिटं बसून आले. पुढे दोन दिवस तापानं फणफणले. तिसऱ्या दिवशी काढा पिता पिता म्हणाले, "जमते." इंग्रजी बोलण्याचा सराव ते मिलमध्ये करत. चालू मिलच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, त्यामुळे कोणी हसण्याची भीती नव्हती. पोत्याला टेकून उभे राहून ते यंत्राला स्वतःचं नाव, गाव आणि छंद सांगत असत. इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्यात त्यांना बेताचेच गुण पडले, पण ऐकण्यात इतके पडले की मी चकित झालो. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "जिंदगीभर पट्ट्याचा आन् बेअरिंगचा आवाज ऐकून राहिलो, मास्तर. माणूस तं त्याच्यापेक्षा साफ बोलते."

वाढदिवस हा त्यांच्या घरातला सुतकासारखा दिवस. तिशीनंतर दर वर्षी वयाचे गुण कमी होत जातात. ताई हौसेनं शिरा करायची आणि भाटवे तो मान खाली घालून खायचे. ताईनंही इंग्रजीची परीक्षा दिली तर चार गुण वाढतील, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं. ताई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कायले पायजे इंग्रजी? तिथं तुमी बोला, मी ऐकीन. इथंबी तेच करून राहिली." पुढे तो विषय निघाला नाही.

स्वतः जायचे तेव्हा जावोत, पण दुसऱ्यांची फाइल बघण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. बपेऱ्याचा एक वेल्डर खात्रीनं परदेशी पाठवणाऱ्या कुणा एजंटाच्या नादी लागला होता, त्याला त्यांनी मिलच्या ओट्यावर बसवून दुपारभर समजावलं. सानगडीची एक नर्स होती. तिची प्रमाणपत्रं कुठे तपासायला पाठवायची, अनुभवाच्या पत्रात कामाचे तास कसे लिहायचे, हे सगळं भाटव्यांनी वर्षभर खपून तिला करून दिलं. तिच्या नावात एका कागदावर एक अक्षर जास्त होतं, तेवढ्यासाठी ते तिच्यासोबत तीनदा तहसीलला गेले. तिला त्यांनी एकच सांगितलं होतं, "एक अक्षरबी खोटं लिहायचं नाही, बेटा. तिकडचं सरकार आपल्याले पाहत नाही, कागद पाहते. कागद म्हणजेच आपण." ती गेली. पहिल्या हिवाळ्यात तिनं घरामागच्या गोठलेल्या तळ्याचा फोटो पाठवला. तो भाटव्यांनी मिलमधल्या हमालांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना दाखवला, जणू ते तळं त्यांनीच गोठवलं होतं.

भाटव्यांनी स्वतःचंही नाव तिकडे नोंदवून ठेवलं होतं, आणि मग एक दिवस त्यांनाही बोलावणं आलं. त्या वर्षी तिकडच्या सरकारनं कारागिरांसाठी वेगळी निवड काढली आणि त्यात भाटव्यांचं नाव लागलं. साठ दिवसांत सगळे कागद पाठवायचे होते. ताईनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज हसतोय की रडतोय ते कळेना. मी दुसऱ्या दिवशी गेलो. भाटवे नुसते घरभर हिंडत होते आणि प्रत्येक वस्तूकडे पाहुण्यासारखे बघत होते. त्यांचे वडील, सगळे त्यांना बा म्हणतात, ओसरीवर बसले होते. त्यांनी मला विचारलं, "तिकडं याले भात भेटन ना?" मी भेटेल म्हणालो, तशी त्यांची काळजी मिटली.

कागदांत शेवटचं राहिलं ते मिलच्या सेठजींचं पत्र. किती वर्षं, काय काम, आठवड्याचे तास किती. कामाचा अनुभव निदान एक वर्ष सलग हवा, खंड न पडता, अशी अट होती. ती भाटव्यांनी शंभरदा वाचलेली होती. एकाच मिलमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला सलग या शब्दाची काय भीती? पण तासांचा रकाना समोर आला आणि ते थबकले. आमच्याकडच्या त्या मिलचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्याचे चार महिने मिल बंद, आणि त्या चार महिन्यांत भाटवे दर वर्षी बासोबत आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोवणीला, म्हणजे रोपं लावायला, आणि निंदणीला.

सेठजी मोठ्या मनाचे. म्हणाले, "त्याचं काय एवढं? मी बाराही महिन्याचं लिहून देतो. कोण येते इथं पाहाले?"

भाटवे हात जोडून उभे राहिले. "नको, सेठजी. ते चार महिने मी बासोबत बांधीत होतो."

"तुले जायचं आहे का नाही?"

"जायचं आहे जी. पण होतो ना मी तिथं. ते कसं खोडू?"

मी शेजारीच होतो. मला वाटलं सेठजी चिडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. आम्ही तिघांनी तो प्यायला. साठ दिवस भाटव्यांनी एकेक करून जाऊ दिले. गावात सांगितलं, गुण कमी पडले. मी एकदा ताईला विचारलं की हे खरेपणामुळे झालं की बामुळे. ती म्हणाली, "मले नाही माहीत. मी विचारलंच नाही. साठावा दिवस होता तवा ते रोवणीत होते, बाच्या बाजूले. सांजवेळी आले, हातपाय धुतले, जेवले."

त्यानंतर वय अटीच्या बाहेर गेलं. भाटव्यांनी सल्ले देणं सोडलं नाही, हवामान बघणंही सोडलं नाही. वाढदिवसाचा शिरा मात्र आता ते चवीनं खातात.

यंदा सानगडीची ती नर्स सुट्टीवर आली. तिला तिथला कायमचा परवाना मिळाला होता. माहेरी एक रात्र काढून ती थेट सिहोऱ्याला आली, भाटव्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, आता तुमी या. कायमचं नाही तं नाही. महिनाभर पाहुणे म्हणून या. मी बोलावणं पाठवते."

इतक्या वर्षांत भाटव्यांनी जाण्याचा हरेक रस्ता धुंडाळला होता, पण पाहुण्याच्या रस्त्याकडे कधी बघितलंच नव्हतं. त्या अर्जात जाण्यापेक्षा परत येण्याचा पुरावा जास्त लागतो. इथे तुमचं काय आहे, कशासाठी तुम्ही नक्की परताल, ते लिहावं लागतं. रविवारी मला बोलावून घेतलं. मी इंग्रजीत लिहायचं आणि त्यांनी सांगायचं असं ठरलं.

"बा," ते म्हणाले. मी लिहिलं. "तुमची ताई." लिहिलं. मग घर, बांधी, मिल. मग म्हणाले, "मिलचं ते धान वर चढवणारं जुनं एलिव्हेटर, त्याचा पट्टा माझ्याशिवाय कोणाले बसवता येत नाही." मग गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाचं नाव घेतलं, फुलं वेचायला ताईसोबत जावं लागतं म्हणून. मग शेजारच्या म्हातारीला दर महिन्याला बँकेत न्यावं लागतं ते सांगितलं. मी लिहीत गेलो. ऊन अंगणातून ओसरीच्या पायरीवर आलं. भाटवे बाहेर बघत सांगत होते, आवाज हळू होत चालला होता, आणि एकामागून एक अशी नावं येत होती जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

शेवटी मी म्हणालो, "भाऊजी, फॉर्मवर इथे चारच ओळींची जागा आहे."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, वरून खालपर्यंत बघितला आणि अगदी सरळपणे विचारलं, "मंग बाकीचं कुठं लिहू, मास्तर?"