भावांच्या हातापलीकडचा देश

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी माझे दोन भाऊ माझ्या होणाऱ्या नवऱ्याला मारायला सोलापुरात आले. मी तेव्हा मावशीकडे राहून बालवाडीत शिकवत होते. मावशीच्या घराखाली यंत्रमागांचा कारखाना होता. हे तिथं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. त्यांच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी. जिन्यात येता-जाता बोलणं सुरू झालं आणि वर्षभरात आम्ही लग्नाचं ठरवलं. आमचं घर मंद्रूपचं, शेतीवाल्यांचं, जातीला जपणारं. मावशीनंच गावाकडं कळवलं. तिला मी दोष देत नाही, तिचंही माहेर तेच होतं.

त्या दुपारी मी भाकरी थापत होते. खालचे सगळे माग एकाएकी बंद पडले. वीज गेली म्हणावं तर डोक्यावरचा पंखा फिरत होता. मग एक ओरडणं ऐकू आलं आणि मी पिठाच्या हातांनीच जिना उतरले.

दोन मागांमधल्या बोळात हे पालथे पडले होते. थोरला भाऊ कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यांच्या पाठीवर मारत होता, धाकटा लाथा घालत होता. पहिल्या धक्क्यातच यांचा डावा हात चालत्या मागात गेला होता. करंगळी आणि शेजारचं बोट कातड्याला लोंबत होती. अर्धवट विणलेल्या चादरीवर रक्त सांडलं होतं. एक कामगार लोखंडी गज घेऊन पुढं झाला, तसा दादा त्याच्यावर ओरडला, "पुढं आलास तर तुजाबी मुडदा पाडीन!"

मी यांच्या अंगावर पडले. दादानं माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला फरफटत रस्त्यावरच्या जीपपर्यंत नेलं. रस्त्यावर माणसं होती. सगळी बघत होती.

मंद्रूपला मला धान्याच्या खोलीत कोंडलं. वडील दिवसातून एकदा येत, चपलेनं मारत आणि जात. दादा दाराबाहेर उभा राहून मला ऐकू जाईल असं बोलायचा, "त्या तेलंग्याला जित्ता सोडला, हेच चुकलं." किती दिवस गेले ते आठवत नाही. एवढं आठवतं की हे जिवंत आहेत हे मला त्याच्या त्या वाक्यातून कळलं.

आठवड्याच्या बाजाराला पुरुष बाहेर पडले तेव्हा आईनं कडी काढली.

"जा," ती म्हणाली. "सोलापुरात ऱ्हाऊ नगंस. हितं दोगंबी मराल."

"कुटं जाऊ?"

"लई लांब. ह्यांची जीप जात न्हाय तितं."

त्या कडीपायी वडिलांनी आईचं मनगट मोडलं, हे मला पुढं कळलं.

यांची दोन बोटं दवाखान्यात काढून टाकली होती. मी सासरच्या दारात पोचले तेव्हा सासूबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, सुजलेला डोळा, फाटलेला पदर, आणि आत घेऊन दाराला आडणा घातला. आम्ही नोंदणी लग्न केलं. त्याच आठवड्यात घरावर दगड आले. एक सासूबाईंच्या कपाळाला लागला. चौकीवर गेलो तर तिथल्या माणसानं आम्हाला बसूही दिलं नाही. "घरचा मामला आहे, घरी मिटवा," म्हणाला.

मुंबईच्या एका भरती करणाऱ्या माणसाला इथिओपियातल्या एका कापडगिरणीसाठी मागाचे कारागीर हवे होते. यांनी पट्टी बांधलेला हात खिशात ठेवून मुलाखत दिली. काम मिळालं. तो देश कुठं आहे हे मी बालवाडीतल्या नकाशात शोधलं. मध्ये समुद्र दिसला आणि मला बरं वाटलं.

तिथं डोंगर होते, निलगिरीची झाडं होती, दुपारीसुद्धा गारवा होता. गिरणीच्या वसाहतीत पत्र्याचं छप्पर असलेल्या दोन खोल्या मिळाल्या. हे कामावर गेले की मी आतून कडी लावायची. दार वाजलं की आधी हातात विळी घ्यायची, मग दार उघडायची. पहिल्यांदा शेजारीण आली तेव्हाही मी तसंच उघडलं. उंच, सडपातळ बाई, अंगावर पांढरं सुती पांघरूण, हातात वाफाळलेल्या कॉफीचा कप. तिनं विळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मोठ्यानं हसली. मग तिनं माझ्या हातातली विळी काढून घेतली, तिची धार अंगठ्यानं बघितली, खाली ठेवली आणि कप दिला.

तिचा नवरा गिरणीत यांच्याच खात्यात होता. कामगारांच्या बाजूनं साहेबांशी भांडणारा, बडबड्या माणूस. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती, पण ती रोज यायची. तिथली भाकरी आंबवलेल्या पिठाची, परातीएवढी, आंबोळीसारखी जाळीदार. मला ती आंबट लागायची, उलटून पडायची. एकदा ती मला हाताला धरून बाजारात घेऊन गेली. तिथं एका बाईपुढं ज्वारीची रास होती. पांढरी, टपोरी ज्वारी. मी त्या राशीत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि भर बाजारात रडले. त्या संध्याकाळी भाकऱ्या केल्या. शेजारीण आणि तिचा नवरा जेवायला होते. हे म्हणाले, "आता इथं राहू आपण."

राहिलो. मी तिची भाषा शिकले. मग सैन्यानं तिथल्या राजाला गादीवरून उतरवलं. सुरुवातीला लोक नाचले. दोन-तीन वर्षांत सकाळी दूध आणायला जाताना रस्त्याच्या कडेला पोरं मरून पडलेली दिसू लागली. कॉलेजात जाणारी पोरं. छातीवर कागद टाचलेला, त्यावर हा देशाचा शत्रू होता असं लिहिलेलं. पहिल्या वेळी मी दूध न घेताच परत फिरले. पुढं मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले, आणि मग त्या रस्त्यावरही ती दिसू लागली.

मला दिवस गेले होते. एका सुटीच्या दिवशी, सकाळीच, सैनिकांनी वसाहतीला वेढा घातला आणि कामगारांच्या पुढाऱ्यांना शोधत घरोघरी झडती सुरू केली. शेजारणीचा नवरा आमच्या मागच्या दारानं आत आला. धापा टाकत होता. "परदेशी माणसाच्या घरात ते शिरणार नाहीत," म्हणाला.

यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ज्वारीच्या पोत्यांमागची जागा दाखवली. त्या जागेत बसायला कसं वाटतं ते मला माहीत होतं.

ते शिरले. तिघं होते. एकानं यांना विचारलं, "तो कुठं आहे?"

"कोण?" हे म्हणाले.

त्यानं बंदुकीचा दस्ता यांच्या तोंडावर मारला. दात पडल्याचा आवाज मी ऐकला. पुन्हा विचारलं. यांनी नुसतं रक्त थुंकलं. दुसऱ्यानं पोत्यांत संगीन खुपसायला सुरुवात केली. ज्वारी भसाभस जमिनीवर सांडली. मी त्याचा हात धरला. तोंडातून मराठीच आलं, "सोड! सोड म्हणते ना!" त्यानं मला झटकलं, मी भिंतीवर आपटले आणि दोन्ही हात पोटावर धरून खाली बसले. मग पहिल्याच्या त्याच दस्त्याचा फटका माझ्या कानावर बसला. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही.

मग शेजारणीचा नवरा स्वतःच उठून उभा राहिला. "बाईला मारू नका," म्हणाला. "मी इथं आहे."

त्यांनी त्याला अंगणात नेलं. ती तिच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत त्याला गोळ्या घातल्या. यांना ट्रकमध्ये टाकून घेऊन गेले.

एका सैनिकानं जाताना बजावलं, रडणं ऐकू आलं तर घरातल्या सगळ्यांना नेऊ. शत्रूसाठी रडायला बंदी होती. शेजारीण माझ्या घरात आली, दार लावलं आणि सांडलेल्या ज्वारीत बसली. मी ओला टॉवेल पिळून तिच्या तोंडात दिला. तिनं तो दातांत धरला. तिचं अंग इतकं हादरत होतं की मला तिला मागून आवळून धरावं लागलं. तिनं माझा दंड चावला, मी चावू दिला. संध्याकाळपर्यंत आम्ही तशाच होतो. मग टॉवेल काढून तीच मला म्हणाली, "आयझोश." म्हणजे, बाई, धीर धर. माझा नवरा अजून परत यायचा होता.

हे परत आले. गिरणीच्या साहेबांनी धावपळ करून सोडवलं. बरगड्या मोडल्या होत्या, पायांचे तळवे फुटले होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "परत जायचं?"

"कुठं?" मी म्हटलं. "सोलापुरात काय फुलं घेऊन उभे आहेत?"

ते हसायला गेले आणि बरगड्यांनी कळवळले.

यांचा गिरणीचा करार संपेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. मुलगी तिथंच झाली. बाळंतपण शेजारणीनं केलं, लोण्यात केलेली जाडसर पेज मला भरवली, बाळाला पाठीशी बांधून फिरवलं. निघताना बस सुटेपर्यंत ती खिडकीची कड धरून उभी होती. बसनं वेग घेतला तरी सोडेना. शेवटी हात सुटला तो एकदम, आणि ती पडली. पुढं तिचं काय झालं ते मला कळलं नाही. कळवायला तिला लिहिता येत नव्हतं आणि त्या काळात तिच्या नावानं परदेशातून टपाल गेलं असतं तर तिलाच नेलं असतं.

सोलापुरात आलो तेव्हा धाकटा भाऊ शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत गेला होता. थोरला एकदा बाजारात समोर आला. यांनी माझ्या पुढं पाऊल टाकलं. तो थांबला, यांच्या दात नसलेल्या तोंडाकडं बघत राहिला, आणि बाजूनं निघून गेला. पुन्हा कधी आला नाही. आई मात्र चोरून यायची, तिचं मनगट वाकडंच जुळलं होतं.

आल्यानंतर थोड्याच दिवसांनी गल्लीत एक वरात आली आणि फटाक्यांची माळ लागली. तिथं गोळ्यांच्या आवाजाला लपायची, तशी माझी दोन वर्षांची मुलगी सरळ खाटेखाली शिरली. हाका मारल्या, गोडी लावली, येईना. वरात गेली, दिवे लागले, तरी ती आतच. बोलायला ती शेजारणीकडूनच शिकली होती; सासूबाईंना तिची भाषा कळत नव्हती, तिला सासूबाईंची. त्या गुडघे धरत जमिनीवर बसल्या आणि दहीभाताची ताटली खाटेखाली सरकवली. थोड्या वेळानं ताटली वाजली. सासूबाई आणखी भात आणायला उठल्या.