हवालदारांनी ओळखलेला माणूस

पडद्यावर कितीही मोठं युद्ध पेटलेलं असो, हवालदार बघायचे ते जनावरांकडे. सेनापती झेंडा उंचावून भाषण ठोकत असायचा आणि ह्यांची नजर त्याच्या घोड्याच्या कानांवर. सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झाल्यावर विश्रामबागेतल्या आमच्या महाविद्यालयात ते रखवालदार म्हणून लागले. मूळचे माण तालुक्यातले, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं.

मी तिथे इतिहास शिकवतो. शनिवारी दुपारी मुलांना जुने प्रचारपट दाखवायचा माझा परिपाठ होता. फॅसिस्ट राजवटीत इटलीने आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींवर, लिबियावर आणि इथिओपियावर, ढिगाने युद्धपट काढले. त्यांतला इटालियन शिपाई सदा देखणा आणि दयाळू. आफ्रिकन माणूस एक तर क्रूर, नाहीतर त्या शिपायाच्या पायाशी हात जोडून उभा. खोटं किती सुंदर रचता येतं हे मुलांना कळावं, एवढाच माझा हेतू. हवालदार दिवे मालवायला यायचे ते परत जायचेच नाहीत. दाराशी स्टूल ओढून बसायचे.

पहिल्यांदा ते बोलले ते मेंढरांवरून. जिंकलेल्या गावातले लोक इटालियन फौजेच्या स्वागताला कळप घेऊन येतात, डोंगर भरून मेंढरं, असा प्रसंग होता. हवालदार उठून पडद्याजवळच गेले.

"सर, जरा मागं घ्या. ही कानतुटकी बघा. मगाशी गेली, आता परत आली. आन्‌ ही तिसऱ्यांदा. मेंढरं इनमिन पन्नास हायती, फिरवून फिरवून आनल्यात."

पुन्हा लावून पाहिलं. खरंच होतं. मी तो चित्रपट सहा वर्षं शिकवत होतो.

त्या दिवसापासून मुलं पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच बघायची, ते सांगतील ते टिपून घ्यायची. "तीन दिस चाललेल्या पलटनीचं बूट असं चकाकत नसत्यात," ते म्हणायचे. वाळवंटात पाय घासत जाणारी हरलेली माणसं दिसली की मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. "हे नट न्हाईत, सर. ह्यांचाच मुलूख घेतला आन्‌ ह्यांनाच हरायचं सोंग कराय लावलं. जेवाय तरी घातलं का न्हाई कुनास ठावं." माझ्या कुठल्याच पुस्तकात हा प्रश्न नव्हता.

ते हे सगळं इतक्या आवडीने का बघतात, हे एकदा चहा घेताना कळलं. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत लढले होते आणि लिबियाच्या वाळवंटात इटालियनांच्या हाती सापडले होते. सुटून गावी आले, हवालदारांचा जन्म झाला, आणि ते चार वर्षांचे असताना वडील तापाने गेले. घरात एकही फोटो नाही. "तोंडच आठवत न्हाई मला. आय सांगायची, ताप चढला की बा 'आक्वा, आक्वा' करायचा. कुनाला कळंना. मागनं पलटनीतल्या एकानं सांगितलं, त्यो इटालियनांच्या बोलीत पानी मागत हुता."

मी हळहळलो, चहा संपवला आणि तासाला गेलो.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी एक चित्रपट लावला. इटालियन अधिकारी विहिरीवर तहानलेल्या लोकांना पाणी वाटतो, असा त्यात प्रसंग आहे. गर्दीतला एक उंच, फेटेवाला माणूस ओंजळ पुढे करून "आक्वा" म्हणतो. स्टूल पडल्याचा आवाज आला. हवालदार उभे होते.

"सर, थांबवा! ह्यो माझा बा हाय."

त्यांनी आपल्या हनुवटीला हात लावला, पडद्यावरच्या हनुवटीकडे बोट केलं. "बघा की. बघा."

मी बघितलं नाही. मी शिक्षक होतो. "हवालदार, हा चित्रपट महायुद्धाच्या आधीचा आहे. ही इथिओपियातली माणसं. तुमचे वडील तेव्हा माणमध्येच असणार." मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं.

"व्हय," ते म्हणाले. "तुमी म्हनताय तर तसंच आसंल."

पुढच्या शनिवारी त्यांनी दिवे मालवले आणि बाहेर जाऊन फाटकाशी बसले. मी दोनदा बोलावलं. "फाटकावर कोन न्हाई, सर," एवढंच उत्तर. वर्षभराने नोकरी सोडून गावी निघाले, तेव्हा निरोप द्यायला मी एसटी स्टँडवर गेलो. गाडी लागल्यावर ते हळूच म्हणाले, "मला काय कळत नव्हतं व्हय, सर? येवढी मेंढरं वळखली मी. पर घडीभर बाला बघितलं हुतं. ऱ्हाऊ द्यायचं हुतं तेवढं."

मला माफी मागायची होती. कंडक्टरने बेल दिली.

पुढे तीन वर्षांनी मला एक इटालियन वार्तापट सापडला, युद्धकाळातला, लिबियातला. पकडलेले हिंदी शिपाई पत्र्याचे मग घेऊन रांगेत उभे आहेत. कैद्यांना किती सुखात ठेवलंय हे दाखवायला काढलेला, म्हणजे तोही प्रचारच. पण माणसं आपली, काळही तोच. हवालदारांना कळवायचं ठरवलं. मग परीक्षा आल्या, मग प्रवेश. दिवाळीत फोन केला तर लागेना. शेवटी लॅपटॉप घेऊन माणमधलं त्यांचं गाव गाठलं. दारात त्यांच्या पत्नी शेंगा फोडत बसल्या होत्या. हवालदार जाऊन दोन महिने झाले होते.

आलोच होतो म्हणून कशासाठी आलो ते सांगितलं. "दावा की," काकू म्हणाल्या. ओसरीवर लॅपटॉप ठेवला. दीड मिनिटाचं चित्रण त्यांनी तीनदा पाहिलं. चौथ्यांदा रांगेच्या टोकाला, दुसऱ्याच्या खांद्याआडून डोकावणाऱ्या एका हडकुळ्या शिपायावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्ये मामंजी असतील का वो, सर?"

चेहरा नीट दिसतही नव्हता. लिबियात हजारो हिंदी शिपाई पकडले गेले होते, हे मला माहीत होतं.

"असतील," मी म्हणालो.

काकूंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, आणि सासऱ्यासमोर बसावं तसा डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.