अलकनंदाबाईंची स्पेअर किल्ली

नोकरीत असताना अलकनंदा देवधरांच्या वाट्याला ‘स्पेअर’ हा शब्द फार आला. दुसऱ्या सेक्शनला माणूस हवा असला की साहेब म्हणायचे, "मॅडम को स्पेयर कर दीजिए." त्या फाइल मिटून निघायच्या. एकट्या बाईची कुठेच अडचण होत नसे.

निवृत्तीनंतर दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत शेजाऱ्यांनी आपापल्या स्पेअर किल्ल्या त्यांच्याकडे ठेवल्या. कुणी गावाला गेलं की कुंड्यांना पाणी त्याच घालत.

एका सकाळी त्या कचरा ठेवायला बाहेर आल्या आणि मागे दाराचं लॅच बसलं. सगळ्या किल्ल्या आत राहिल्या. समोरची कृतिका ऑफिसला निघाली होती.

"काकू, तुमची स्पेअर कुणाकडे असते?"

"कुणाकडेच नाही गं."

कृतिकाने चावीवाल्याला फोन लावला आणि ती मेट्रोकडे धावली. चावीवाला येईपर्यंत अलकनंदाबाई पायरीवर बसून राहिल्या.

संध्याकाळी नव्या कुलपाची एक किल्ली घेऊन त्यांनी कृतिकाची बेल वाजवली. "ही तुझ्याकडे ठेवशील?"

"बिल्कुल, काकू," म्हणत तिने किल्ली घेतली आणि दार लावलं.

आता जिन्यात किल्ल्या वाजल्या की अलकनंदाबाई टीव्हीचा आवाज कमी करून, कुणी आपल्या दाराशी थांबतंय का ते ऐकतात.