आगाऊ दिलेली ओळख

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या बँकेतलं खातं बंद करायचं मी तीन वर्षं ठरवत होते. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. शेवटी एक दिवस शिल्लक कमी पडली म्हणून पैसे कापल्याचा मेसेज आला आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बास झालं. जे खातं वापरत नाही, ते पोसायचं कशाला? रजा टाकली, फॉर्म भरला, पर्समध्ये घातला आणि मारतहळ्ळीहून निघाले.

माझे सगळे व्यवहार फोनमधल्या बँकेतून चालतात. ते खातं मी घरात गाऊनवर बसून, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये उघडलं होतं. फोन म्हणाला चेहरा समोर धरा, धरला. डोळे मिचकावा, मिचकावले. झालं! भाजी, रिक्षा, मुलीची फी, सांगलीला आईला पैसे, सगळं त्यातूनच जातं. मी तिला उगाच नावं ठेवणार नाही, मला ती बँक आवडते. तिथं कुणी “लंच टाइम आहे, नंतर या” म्हणत नाही.

जुन्या बँकेला मात्र मी समक्ष हवी होते आणि पासबुकही परत हवं होतं. इथंच घोडं पेंड खात होतं, कारण पासबुक होतं अक्कांकडे.

अक्का म्हणजे माझ्या बंगळूरमधल्या पहिल्या घरमालकीण. अठरा वर्षांपूर्वी सांगलीहून नोकरीसाठी एकटी आले, तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मला मिळाली ती केवळ मराठी बोलते म्हणून. त्यांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं. “स्वल्प थांब गे, चावी आणते,” हे त्यांचं मराठी ऐकून मला हसू फुटलं होतं. रात्री मैत्रिणीला फोनवर मी त्यांची नक्कल करून दाखवली, ती त्यांनी जिन्यातून ऐकली. म्हणाल्या, “हस, हस. तुझं मराठी इथं येऊन चार दिवस झाले. आमचं चारशे वर्षं टिकलंय. बघू तुझं किती टिकतंय.” त्यानंतर मी नक्कल केली नाही. निदान त्यांच्या कानावर जाईल अशी तरी नाही.

कंपनीला पगार जमा करायला इथलं खातं हवं होतं आणि माझे सगळे कागद सांगलीचे. बँकेतले साहेब म्हणाले, या शाखेतला एखादा खातेदार तुम्हाला ओळखतो असं लिहून सही करू दे, मग उघडतो. तेव्हा तशी पद्धतच होती. आता या गावात मला ओळखणार कोण? कोपऱ्यावरचा इडलीवाला, आणि तोही “दोन इडली, चटणी जास्त” एवढंच. मी जिन्याच्या पायरीवर बसून चक्क रडले. सांगलीत बँकेचा शिपाईसुद्धा “बाबा बरे आहेत का गं?” विचारायचा, ते आठवून आणखी रडू आलं. अक्कांनी मला पाहिलं, पदर खोचला, चपला घातल्या आणि म्हणाल्या, “चल.”

फॉर्मवर एक ओळ होती: अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता? मला त्यांच्या घरी येऊन अकरा दिवस झाले होते. अक्कांनी त्या ओळीवर बिनदिक्कत लिहिलं, दोन वर्षं. माझी पाचावर धारण बसली. कानाशी लागून म्हटलं, “अक्का, हे खोटं आहे.”

“तू भाडं आगाऊ दिलंस की नाही? मी ओळख आगाऊ देते. काय झालं त्यात?”

आणि खाली एकेक अक्षर कोरत सही केली. सहीचा त्यांना भारी अभिमान होता. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाई अंगठा उठवायच्या आणि शाई लागलेला तो अंगठा दिवसभर पदराखाली लपवायच्या. ते बघून ह्या बाईंनी पाटीवर सही गिरवली होती. पूर्ण नाव, मराठीत, शेवटी टिंब.

लग्नानंतर मी मारतहळ्ळीला राहायला गेले. पासबुक अक्कांनीच ठेवून घेतलं. म्हणाल्या, माझं भरायला जातेच, तुझंही भरून आणीन. सुरुवातीला मी दर महिन्याला जायचे, मग सणासुदीला, मग नुसता फोन. शेवटची तीन वर्षं तर “येते, येते” यावरच भागवलं होतं. लिहिताना लाज वाटते, पण आहे हे असं आहे.

दारात मला बघून त्या म्हणाल्या, “आज सूर्य कुठं उगवला गे?” चहा आणला तर कपबशी सारखी खडखडत होती. त्यांचा हात थरथरायला लागला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी पासबुक मागितलं. कशाला, त्यांनी विचारलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

“अपडेट करायचंय.”

“अपडेट? गेल्या महिन्यात तर मीच भरून आणलंय.” त्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यांचं पासबुक आणि माझं, दोन्हींना मिळून एक रबरबँड. “सरी, बरं मग, थांब. मीही येते. माझं काम अडलंय तिथं.”

वाटेत कळलं ते असं. यजमानांची पेन्शन त्यांच्या खात्यात येते, पण आता सही जुळत नाही म्हणून बँकेनं दोनदा परत पाठवलं होतं. मुलगा हेब्बाळला राहतो, वाईट नाही बिचारा. तो म्हणत होता, आई, सगळं माझ्या फोनवर घेऊ, तुला लागतील तसे मी देत जाईन.

“देत जाईन!” अक्का रस्त्यात थांबून कडाडल्या. “माझे पैसे मलाच देणार! हात पसरू का मी त्याच्यापुढं, या वयात?”

काउंटरवरची मुलगी तरुण होती, गोड होती. तिनं स्क्रीन आमच्याकडं वळवला. वर जुनी सही, टिंबासकट. हातातल्या स्लिपवर नुसत्या वळवळत्या रेघा. “अज्जी, मी तरी काय करू?” ती कन्नडमध्ये म्हणाली. अक्कांनी आधी स्क्रीनवर बोट ठेवलं, मग स्लिपवर.

“तीही मीच आहे, हीही मीच आहे.”

“मला कळतंय, अज्जी. अंगठा घेता येईल. पण दोन साक्षीदार लागतील. एक मी होते. दुसरा या शाखेतलाच खातेदार, तुम्हाला ओळखणारा.”

अंगठा म्हटल्यावर अक्कांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. “ओळखणारे सगळे वर गेले गे,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “ही आहे की! हिचं खातं इथंच आहे. मीच उघडून दिलंय.”

पेन काढायला पर्समध्ये हात घातला, तर पेनाबरोबर तो फॉर्मही बाहेर आला आणि काउंटरवर पडला. वरती मोठ्या कन्नड अक्षरांत, खाते बंद करण्याचा अर्ज. खाली माझं नाव. अक्कांनी तो उचलला, वाचला, घडीवर घडी घालून माझ्या हातात दिला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुलीनं साक्षीदाराचा कागद पुढं सरकवला. खाते नंबर मला आठवेना, पासबुकात बघून लिहिला.

“किती वर्षं ओळखता यांना?” मुलीनं विचारलं.

“अठरा,” मी म्हटलं.

“वीस लिही,” अक्का म्हणाल्या. “दोन मी आधीच दिलीयत.”

मी वीस लिहिलं. अक्षर नीट येत नव्हतं, डोळे भरून आले होते. मुलीनं शाईचं पॅड उघडलं. अक्कांचा हात थरथरत होता म्हणून मी मनगट धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून तो अंगठा कागदावर टेकवला. उचलल्याबरोबर त्या तो पदराखाली न्यायला लागल्या. मी मनगट सोडलं नाही. पर्समधून माझा फॉर्म काढला आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी घडी उलगडली आणि माझ्या नावावरच अंगठा पुसला, चांगला दोनदा, घासून.

“अपडेट करायचं होतं ना तुला?” त्या म्हणाल्या. “मशीन त्या कोपऱ्यात आहे. माझंही घेऊन जा.”

मी दोन्ही पासबुकं घेतली आणि रांगेत जाऊन उभी राहिले.