कळंब तोडायला आले तेव्हा

आमच्या घरात एक प्रश्न विचारला की मार ठरलेला. मडकं फोडलं तर शिव्यांवर निभावायचं, भात करपला तर आय माझी बाजू घ्यायची; पण "बा, आपन मूळचे कुठले?" एवढं तोंडातून निघालं की बा हाताला येईल ते उचलायचा. बैलांचा चाबूक, चुलीतलं लाकूड, काहीही. "हितलं! भिसेगावचं! आजून काय पायजे तुला?" असं ओरडत मारायचा. मी पण हट्टी. पाठ बरी झाली की पुन्हा विचारायची.

एवढं माहीत होतं की घाटात रेल्वेचे बोगदे फोडत होते तेव्हा तो देशावरून खाली उतरला, सुरुंगाच्या कामावर. लाइन झाली, त्याच्या गावचे लोक वर परत गेले, हा इथेच राहिला. आय इकडचीच, त्याच कामावर माती वाहणारी. बा भात लावायला शिकला, इकडच्यासारखं हाय-नाय बोलायला शिकला. वर जाणं तर सोडाच, घाटाकडे तोंड करून बसायचासुद्धा नाही. पण गाव कसलं विसरतंय! पाणवठ्यावर पोरी मला 'घाटी' म्हणायच्या. एकीचा कान मी असा चावला की रक्त आलं. तिच्या आयशीने मला विहिरीच्या काठावर आपटलं, आणि घरी आल्यावर गावाशी भांडण काढलंस म्हणून बाने वेगळं बडवलं.

अंगणात एक कळंब होता, सरळसोट वाढलेला. बा त्याच्या सावलीत बसायचा नाही, त्याची वाळकी काटकीसुद्धा चुलीत जाऊ द्यायचा नाही. एका पावसाळ्यात जळण भिजलं म्हणून आयने कळंबाची फांदी चुलीत सारली. बाने लाथेने चूलच मोडली. उकळतं पाणी आयच्या हातावर सांडलं, कातडी सोलून निघाली. कारण सांगेल तर शपथ! आय म्हणायची, "येडा हाय गं तुजा बा. सुरुंगाचा आवाज डोक्यात बसलाय त्याच्या."

मग माझं लग्न ठरलं. गावातच, ज्या घराला होळी पेटवायचा मान त्याच घरात. मला ते लग्न हवं होतं, खोटं कशाला बोलू! मुलगा दिसायला बरा होता हे तर आहेच, पण त्या उंबऱ्याच्या आत गेल्यावर मला घाटी म्हणायची कोणाची छाती होणार होती? सुपारी फोडायच्या आधी होणाऱ्या सासऱ्याने विचारलं, "देवक काय तुमचं?" कुळाचं एखादं झाड असतं, लग्नात आधी त्याच्या फांदीची पूजा होते, आणि दोन्हीकडे एकच देवक निघालं तर सोयरीक होत नाही. बा जमिनीकडे बघत म्हणाला, "पंचपालवी." म्हणजे पाच झाडांची पानं; बऱ्याच घरांत तेच असतं. सासरा म्हणाला, "झ्याक. आमचं येगळं हाय." सुपारी फुटली, मला चांदीच्या पाटल्या घातल्या.

होळीच्या दिवशी दुपारी गावची पोरं कुऱ्हाडी घेऊन आमच्या अंगणात शिरली. पुढे माझा सासरा. होळीच्या मधोमध उभा करायला सरळ बुंधा लागतो, आणि होळीसाठी कोणाचंही लाकूड न विचारता न्यायचं, मालकाने हसत बघायचं, अशी इकडची रीत. त्यात आता आम्ही सोयरे. त्याने हाक दिली, "पावनं, यंदा तुमचा कळंब!" आणि हसत हसत बुंध्यावर घाव घातला.

बा गोठ्यातून कोयता घेऊनच आला. मी "बा!" म्हणेपर्यंत कोयता सासऱ्याच्या दंडात बसला होता. रक्ताची चिळकांडी माझ्या लुगड्यावर उडाली. मग पोरांनी बाला घेरलं. काठ्या, दांडे, लाथा. डोकं फुटलं, दात पडला, तरी तो कळंबाकडे सरपटत जात होता आणि ओरडत होता, "देवक हाय माजं! तोडू नगासा!" असं देशावरचं बोलणं आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.

सासऱ्याने दंडाला फडकं गुंडाळलं आणि पोरांना थांबवलं. "पंचपालवी म्हनालास ना रं? देवकाचं खोटं सांगतोस? आता ऐक. तू हितला असशील तर सोताच्या हातानं तोड नि होळीत घाल. नायतर लगीन नाय, नि उद्यापास्नं या गावात तुजी चूल पेटायची नाय."

बा उठला. कुऱ्हाड हातात घेतली. माझ्याकडे बघून "पोरीचं लगीन हाय" एवढंच पुटपुटला आणि कळंबावर घाव घातला. घाव घालताना तो लहान पोरासारखा रडत होता. मला काय झालं देव जाणे. मी धावले, कुऱ्हाड धरायला गेले आणि पातंच तळहातात घुसलं. "नको बा! मोडू दे लगीन! चुलीत गेला यांचा उंबरा!" रक्ताळलेल्या हाताने पाटल्या ओढून काढल्या आणि सासऱ्याच्या पायाशी फेकल्या.

बाने कुऱ्हाड टाकली आणि माझ्या मुस्कटात भडकावली. "लगीन मोडलंस गं! तुज्यासाठी मी देवकावर हात उचलला!" मी खाली पडले. तो पाठीत बुक्क्या घालू लागला आणि बुक्क्यांबरोबर बोलू लागला. मूळ गावाचं नाव सांगितलं. डोंगरावरच्या देवाचं सांगितलं, लग्नात मांडवाच्या खांबाला बांधायच्या कळंबाच्या फांदीचं सांगितलं. "धाकला भाऊ व्हता मला. मीच म्हनलो, चल खाली, काम हाय. सुरुंग आदीच उडाला. हातसुदिक घावला न्हाई त्येचा. आयेला काय तोंड दावू? सांग, काय तोंड दावू?"

आय भाजल्याचे वण असलेल्या हाताने तोंड दाबून रडत होती. बाचा हात दमत चालला, शब्द तुटायला लागले. मी त्याच्या बंडीचं टोक घट्ट धरलं.

"मार बा," मी म्हटलं, "पन थांबू नको. सांग."