शून्याचं एक

केसानं गळा कापणं म्हणजे काय, हे शिकायला सत्यशीलाला बाहेर जावं लागलं नाही. त्यासाठी तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

पाथर्डीकडच्या ऊसतोड्याच्या घरातली ही पोर. आईबाप दसरा झाला की कारखान्यावर निघायचे. अजिनाथनं शाळा सोडून कोयता हातात घेतला, तेव्हा कुठं सत्यशीला गावात मागं राहून शिकली. पुढं संगमनेरला कॉलेज झालं आणि तिथंच दोन खोल्या भाड्यानं घेऊन ती वेबसाइटी बनवायला लागली. भावाचे हे उपकार ती उठता-बसता बोलून दाखवायची. दादा नसता तर मीही फडातच असते, असं गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायची. गिऱ्हाइकांना त्याचं काय, पण तिला सांगितल्याशिवाय राहवायचं नाही.

तिच्या गावाकडच्या एका संस्थेनं ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृह काढलं. आईबाप फडात असताना मुलींनी तिथं राहावं, शाळा बुडू नये, हा हेतू. प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज सत्यशीलानं बनवायचा ठरला. हे काम तिच्या जिवाच्या जवळचं, म्हणून तिनं त्यात जीव ओतला.

आता वेबपानांचा स्वभाव मोठा चमत्कारिक. पहिल्या पानावर तुम्ही नाव-गाव सांगा आणि दुसऱ्या पानावर जा, सर्व्हर परत विचारतो, तुम्ही कोण? मागचं त्याला काही म्हणून आठवत नाही. त्यामुळं बहुतेक प्रोग्रामर माहिती सर्व्हरपाशीच जपून ठेवतात आणि तुमच्या हाती नुसता बिल्ला देतात. याला सेशन म्हणतात. पण सेशन थोडा वेळ वाट बघतं आणि बंद पडतं. गावाकडं मधेच रेंज जाते, म्हैस सुटते, मोबाईल नवऱ्याच्या खिशात निघून जातो. बाई परत येईपर्यंत अर्ज कोरा झालेला. सत्यशीलाला हे सगळं माहीत. म्हणून तिनं भरलेली माहिती वरच्या लिंकमध्येच घातली. आईनं पहिलं पान भरावं, लिंक मावशीला व्हॉट्सॲपवर धाडावी, मावशीनं उरलेलं पुरं करावं. बायकांना हे फार सोयीचं पडलं.

दुसऱ्या पानावर आईबापाचं ऊसतोडीचं कार्ड तपासलं जायचं. ते खरं निघालं तर लिंकच्या शेपटाला ‘पात्र’ या शब्दापुढं एक लागायचा, नाहीतर शून्य. तिसरं पान तेवढंच बघायचं आणि जागा देऊन मोकळं व्हायचं. खरं तर तिथं कार्ड पुन्हा तपासायला हवं होतं. ते नंतर करू, असं म्हणून तिनं ठेवून दिलं. चूक तिचीच होती आणि लहानही नव्हती.

त्याच आठवड्यात अजिनाथ आपली पिकअप घेऊन संगमनेरला आला. कोयता त्यानं केव्हाच सोडला होता, भाड्याचा धंदा बरा चालला होता. जेवण झाल्यावर सत्यशीलानं कौतुकानं त्याला सगळं उघडून दाखवलं.

“आनि कार्ड नसंल तर?” त्यानं विचारलं.

“तर शून्य येतं. पण दादा, इथं शून्याचं एक केलं ना, तर फुडचं पान डोळं झाकून इस्वास ठेवतंय. तेवढं बुजवायचं राहिलंय.”

दुसऱ्या दिवशी ती कामाला बाहेर गेली. दादा घरी, लॅपटॉप टेबलावर उघडा. सख्ख्या भावापासून कुणी लॅपटॉप लपवून ठेवतं का?

वसतिगृह सुरू झालं त्या दिवशी ती मुद्दाम गेली. फाटकाशी गावातली ऊसतोडीची केशरबाई उभी होती, मुलीचा, ज्ञानेश्वरीचा, हात धरून. जागा भरल्या म्हणून ज्ञानेश्वरीला जागा मिळाली नव्हती. रस्त्यावर ऊसतोड्यांना घेऊन श्रीगोंद्याच्या कारखान्याकडं निघालेला ट्रक हॉर्न वाजवत होता आणि पोरीला आता फडातच न्यावं लागणार होतं. तेवढ्यात आतून हाक आली, “आत्या!”

अजिनाथची पंकजा. शेजारी तिची नवी पेटी.

सत्यशीलाला काही विचारावं लागलं नाही; दादाकडं आता ऊसतोडीचं कार्ड नव्हतं. केशरबाईला थांबायला सांगून ती तडक संस्थेच्या अध्यक्षांकडं, आप्पासाहेबांकडं गेली. अर्जात फट राहिली ती माझी चूक, म्हणाली, आणि तिच्यातून माझ्याच भावाची मुलगी आत आलीय. आप्पासाहेबांनी अजिनाथला बोलावलं. तिला खात्री होती, दादा मान खाली घालील आणि खरं सांगून टाकील.

अजिनाथनं टोपी काढून हातात घेतली.

“सायेब, मला मोबाईलवर फोटू बघायचं सोडून काय येतंय? हिनंच भरला फारम. म्हनली, माझ्या हातातलं हाय, दादा, तू काळजी करू नगंस.”

इतकं सरळ, इतकं न अडखळता. 

“अर्ज कुठून भरला, ते तुमच्याकडं दिसतं ना?” आप्पासाहेबांनी विचारलं.

तिनं उघडून पाहिलं.

“दिसतं.”

“कुठून भरलाय?”

“माझ्या घरून.”

आप्पासाहेबांनी पंकजाचा प्रवेश रद्द केला. ज्ञानेश्वरीला जागा मिळाली आणि सत्यशीलाचं काम गेलं. निघताना केशरबाईनं तिच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्यात कृतज्ञतेचा मागमूस नव्हता. गरिबाची जागा भाचीला देणारी बाई ती हीच, एवढंच तिला समजलं होतं.

बाहेर अजिनाथ पेटी गाडीत चढवत होता.

“मी कोयता धरला म्हनून तू शिकलीस,” तो तिच्याकडं न बघता म्हणाला. “तुला काय, दुसरं काम घावंल. पोरीला तालुक्याची शाळा कुठून घावनार?”

“मला इचारलं असतंस तर मी पंकूला माझ्याकडं ठिवली असती, दादा. संगमनेरच्या शाळंत घातली असती. इचारायचं व्हतंस.”

अजिनाथचे हात पेटीवर तसेच राहिले. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मागून घेण्यापेक्षा चोरून घेणं त्याला सोपं वाटलं, आणि सत्यशीलाला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. काम गेल्याचं दुःख त्यापुढं काहीच नव्हतं.

पंकजा दोघांच्या मधे उभी राहून ऐकत होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

“आत्या,” ती म्हणाली, “मग आता येऊ का मी तुझ्याकडं?”

अजिनाथनंही पहिल्यांदा मान वर करून बहिणीकडं पाहिलं.

‘ये’ एवढंच म्हणायचं होतं. सत्यशीलानं तोंड उघडलं, पण दादाचं ‘हिनंच भरला फारम’ आठवलं आणि तिच्यानं ते म्हणवलं नाही. अजिनाथनं पोरीला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी सुरू केली.