जपानी बाई आणि फ्रेमवाले चाचा

बारामतीचे फ्रेमवाले चाचा दातांत खिळे धरूनच बोलतात. पुढाऱ्यांचे फोटो तर ते गप्पा मारता मारता धडाधड ठोकतात.

मी त्यांना एक जपानी चित्र दिलं होतं. सुंदर बाई आरशापुढं केस विंचरत बसलेली, खांद्यावरचं वस्त्र जरा घसरलेलं. न्यायला गेलो, तर चित्रावर टॉवेल टाकलेला. चाचांनी तोंडातले खिळे काढले आणि टॉवेल उचलण्याआधी मोठ्यानं खाकरले.

"घसा धरलाय का, चाचा?"

"न्हाय वो. बाईमाणूस वेणीफणी करतंय. असं एकदम कसं उघडायचं?"

भिगवण येईपर्यंत मी एसटीत एकटाच हसत होतो.

चित्र आमच्या खोलीत लावलं आणि बायकोला चाचांच्या खाकरण्याचा किस्सा सांगितला. काल आत शिरताना मीच खाकरलो. आतून बायको म्हणाली, "अगं बया! थांबा मग, माझी वेणी व्हायचीय."

आणि मी थांबलो की दारात, नवा नवरा असल्यासारखा!